माळ्याने मागितलेलं वर्ष

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला शेत लागायचं, आणि शेत तर सात पिढ्यांत कोणाच्या नावावर नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, खिडकीत एक कुंडी आणि तीही रिकामी. तरी बाबा बोलायला लागले की नांगर, पेरणी, खळं, कोठार असं सगळं हजर. मी एकदा गणितात नापास झाले तेव्हा मी काटेरी झुडपांत पडलेलं बी होते. दुधात पाणी घालणाऱ्या दूधवाल्याला आईने झापलं तेव्हा बाबा म्हणाले, गहू आणि तण कापणीपर्यंत एकत्रच वाढू द्यायचे असतात, निवडणारा नंतर निवडतो. आई म्हणाली, तोवर तुम्ही कोरा चहा प्या.

हे सगळं त्यांच्याकडे बायबलातून आलेलं. दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत ते मुलांचा वर्ग घ्यायचे, आणि त्यांना रंगवून सांगता येणाऱ्या गोष्टी सगळ्या शेतातल्याच. "त्या काळच्या लोकांना दुसरं काही माहीत नव्हतं म्हणून शेत," मी म्हणायचे. "आता बसची सांगा, लिफ्टची सांगा." बाबा हसायचे. "लिफ्ट वर जाते नि खाली येते. तिच्यात काही वाढतं का?" ह्यावर मी चिडायचे. चिडायला मला तसंही फार काही लागत नाही.

माझी धाकटी बहीण, बारकी, माझ्यासारखी नव्हती. ती बाबांना वर्गासाठी पुठ्ठ्याची चित्रं करून द्यायची. पेरणारा, त्याची झोळी, वाटेवर पडलेलं बी आणि ते टिपायला आलेली पाखरं. पाखरं तिने इतकी गोजिरवाणी काढली की वर्गातली सगळी पोरं पाखरांच्या बाजूची झाली. पेरणाऱ्याचं नुकसान झालं ह्याचं कोणालाच काही नाही, पाखरांचं पोट भरलं ह्यातच सगळे खूश. अर्थ समजावता समजावता बाबांनी हात टेकले. घरी येऊन म्हणाले, "अगं, त्या गोष्टीत पाखरं म्हणजे सैतान आहे." बारकी म्हणाली, "मग सैतानाला भूक लागत नाही का?" त्या दिवशी बाबा जेवतानासुद्धा मधूनच हसत होते. हेच मी बोलले असते तर मला तासभर समजावलं असतं.

पोटापाण्यासाठी बाबा बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होते. बियाणं विकायच्या आधी त्याचा नमुना तिथे येतो. ओल्या कागदावर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची, आणि ठरलेले दिवस भरले की उलगडून किती उगवल्या ते बघायचं. पुढे मीही त्यांच्या हाताखाली तिथेच लागले, आणि ते निवृत्त झाल्यावर आता तेच काम मी करते. उगवलेल्या बियांची काही भानगड नसते. खरं काम असतं न उगवलेल्यांचं. त्या चिमट्याने एकेक दाबून बघायच्या. दाबल्यावर पिचली आणि आतून लगदा आला, तर ती मेली. घट्ट राहिली तर तिला मेलेली म्हणायचं नाही. ती झोपलेली असते, कधीतरी उठू शकते, म्हणून ती वेगळी मोजायची. मी कामाला लागले त्या दिवशी बाबांनी मला हेच पहिलं शिकवलं होतं. कंटाळा करून घट्ट बी मेलेल्यांत ढकललंस तर ते खोटं बोलणं झालं, असं म्हणाले होते.

आई गेली, आणि तिच्यामागे वर्षभरातच बारकीला बसने उडवलं. ती सायकलवरून कामावरून घरी येत होती. डोक्याला मार लागला, श्वास बराच वेळ बंद होता. ती वाचली. म्हणजे श्वास घ्यायला लागली, डोळे उघडायला लागली, पण त्या डोळ्यांनी कोणाकडे बघायची नाही. नाकातून नळी आणि नळीतून पातळ अन्न. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्यापुढे सुधारणा होईल असं वाटत नाही. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला घरी आणलं.

बाहेरच्या खोलीत, ओट्यासमोर, खिडकीला लागून तिचा पलंग लावला. दुपारी मी कामावर गेले की एक नर्सबाई यायच्या. सकाळ आणि रात्र माझी. मोठ्या मुलीचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, तर बापाने खोलीत थांबायचं नाही. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण आमच्यात ते तसंच होतं. मी पाणी गरम करायला ठेवलं की बाबा पेपर उचलून जिन्यात जाऊन बसायचे. मी तिला पुसायचे, कुशीवर वळवायचे, चादर बदलायचे, केस विंचरून वेणी घालायचे, गळ्यापर्यंत पांघरूण ओढायचे आणि मग दार उघडायचे. बाबांना दिसायची ती पावडरचा वास येणारी, वेणी घातलेली बारकी.

ते तिच्या उशाशी स्टुलावर बसायचे आणि आधी तिच्या तळहातावर अंगठा दाबायचे. तिची बोटं हळूहळू त्या अंगठ्याभोवती आवळायची. बाबा मान हलवायचे. मी ओट्याशी भाजी चिरत असायचे, आणि ही मान हलवण्याची तऱ्हा मी चांगली ओळखत होते. प्रयोगशाळेत चिमट्याखाली बी घट्ट लागलं की ते अशीच मान हलवायचे.

आमच्या घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकदा नीट समजावलं होतं. "काका, तान्हं मूलही बोट दिलं की धरतं. त्याला तरी कुठे काय कळत असतं? हे आपोआप होतं." बाबा "हो, बरोबर" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा. मी म्हणाले, "बाबा, तिला काही कळत नाही. ती बी नाही." ते म्हणाले, "मी कुठे म्हणतोय?" पण तेच म्हणत होते. आयुष्यभर ज्या हातांनी घट्ट आणि पिचलेलं वेगळं केलं, ते हात दुसरं काय करणार होते? आमचं घर सोडून ही चूक कोणी केली नसती.

मग ते तिला वाचून दाखवायचे. एक उतारा वाचायचे आणि पुस्तक मिटून त्याचा अर्थ सांगायचे, वर्गात सांगायचे तसा. एका सकाळी रडत रडत बी पेरायला निघालेल्या माणसाचं वाचलं. "बारके, तो रडतो का सांग? पेरणी तर चांगली गोष्ट." थोडं थांबले, जणू ती विचार करत होती. "अगं, दुष्काळाचं वर्ष असणार. घरात उरलेलं शेवटचं धान्य त्याच्या झोळीत आहे. पोरं उपाशी आहेत, आणि हा ते धान्य मातीत टाकायला चाललाय. पोरांच्या तोंडातला घास घेऊन चाललाय, म्हणून रडतो. पण टाकतो. टाकल्याशिवाय पेंढ्या घेऊन हसत कसा येणार?" माझा चिरता हात थांबला होता. एवढं चांगलं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि मग रागही आला. मी तिथेच चार हातांवर उभी होते, आणि माझ्याशी ते दिवसभरात बोलायचे ते एवढंच, की औषध दिलंस का, गॅस बंद केलास का.

खरं सांगायचं तर मला बारकीचा हेवा वाटायचा. पडून राहिलेल्या, तोंडाने पाणीही पिऊ न शकणाऱ्या बहिणीचा हेवा. असं वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचीच किळस यायची, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाणी गरम करायचं असायचं.

तिच्या छातीत कफ भरायचा. दवाखान्यात न्यायचं, घशात नळी घालायची, मशीनवर ठेवायचं, आणि परत आणायचं. दर खेपेला ती थोडी कमी होऊन यायची. आधी मान थोडी वळवायची, ते गेलं. मग जांभई द्यायची, तेही गेलं. पहिल्या खेपेलाच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, की हे असं किती दिवस करायचं. तेव्हा बाबांनी त्यांना अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. द्राक्षमळ्यात एक अंजीर असतं. मालक दर वर्षी येऊन बघतो, फळ नाही. तो माळ्याला म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो, धनी, एवढं एक वर्ष राहू द्या. आळं खणून खत घालून बघतो. आलं फळ तर ठीक, नाहीतर मग तोडा.

"मग आलं का फळ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या आमच्या चर्चच्या नव्हत्या, त्यांना ठाऊक नव्हतं.

"ते सांगितलेलं नाही," बाबा म्हणाले. "गोष्ट तिथेच संपते."

ह्यातच सगळा घोळ होता. पुढच्या वर्षी काय झालं ते लिहिलेलं नाही, म्हणून बाबांच्या लेखी ते वर्ष संपतच नव्हतं. दर खेपेला ते म्हणायचे, यंदाचं एक वर्ष बघू. आणि दर खेपेला पहिल्यांदाच मागत असल्यासारखं मागायचे. मागताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की नाही म्हणणाऱ्याला आपणच कुऱ्हाड उचलल्यासारखं वाटावं. डॉक्टरीणबाई गप्प बसायच्या. मी मूग गिळून कपडे भरायला घ्यायचे.

शेवटच्या खेपेला मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. सकाळी आल्या, छाती तपासली, आणि ओट्याजवळच्या खुर्चीत बसून सरळ बोलल्या. "काका, पुन्हा न्यूमोनिया आहे. नेलं तर कदाचित ह्याही वेळी निभावेल. पण काय परत येईल ते तुम्हीच बघताय. नाहीतर घरीच ठेवू. तिला धाप लागू देणार नाही, दुखू देणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं. जबरदस्ती नाही. संध्याकाळी येते, तोवर दोघं बोला."

त्या गेल्या. बाबा म्हणाले, "बोलायचं काय त्यात? न्यायचं. गाडी सांगून ठेव. यंदाचं एक वर्ष बघू."

"कोणाचं वर्ष?" मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे हे वर्ष कोणाच्या आयुष्यातलं जाणार आहे?"

"ताई, ती जिवंत आहे. हात धरते."

"तान्हं मूलही धरतं."

"काही बिया उशिरा उगवतात. तुला काय मी सांगायला हवं?"

"काही उगवतात," मी म्हणाले. "बाकीच्यांचं काय होतं तेही मला माहीत आहे, आणि तुम्हालाही. बुरशी धरते. बाहेरून घट्टच असतात, आणि आतून काळ्या."

इथे थांबायला हवं होतं. पण शब्दाला शब्द लागला की मला थांबता येत नाही, आणि त्या दिवशी तर थांबायचंही नव्हतं.

"त्या माळ्याचं तुम्ही नीट वाचलंच नाही, बाबा. तो नुसतं वर्ष मागत नाही. तो म्हणतो, मी खणीन, मी खत घालीन. स्वतःचे हात मातीत घालायला तयार आहे म्हणून त्याला मागायचा हक्क आहे. इथे वर्ष मागता तुम्ही, आणि खणतेय मी. गू-मूत मी काढते. जखम मी धुते. तुम्ही जिन्यात बसून पेपर वाचता, आणि मी सगळं झाकून दार उघडलं की येऊन गोष्ट सांगता."

बोलले, आणि वाटलं की जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण खोटं एक अक्षर नव्हतं, त्यामुळे परतही घेता येईना. बाबा खिडकीबाहेर बघत बसले. खाली दुकानात कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "कसली जखम?"

बारकीची चादर ओली झाली होती. तापाने अंग जड पडलं होतं, आणि मला एकटीला ती वळत नव्हती. नर्सबाई दुपारशिवाय येणार नव्हत्या. मी पाणी गरम करायला ठेवलं. बाबांनी सवयीने पेपर उचलला आणि दाराशी जाऊन थांबले. मी म्हणाले, "आज दोघं लागतात." त्यांनी पेपर ठेवला, बाह्या वर केल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पलंगाशी येऊन उभे राहिले.

"असं नाही जमणार, बाबा. बघावं लागेल. इथे खांद्याखाली हात घाला. दुसरा कमरेला. मी तीन म्हटलं की तुमच्याकडे ओढा."

त्यांनी ओढलं. बारकी त्यांच्या अंगाशी वळली, आणि तिची पाठ त्यांच्यासमोर उघडी झाली. कमरेच्या खाली, जिथे हाड गादीला टेकतं, तिथे तळहाताएवढी जखम होती. सतत पडून राहणाऱ्याला होते ती. वर्षभर मी ती धूत होते, ती भरत नव्हती, खोल जात होती. मी पट्टी काढली तेव्हा आत पांढरं दिसत होतं. बाबा पांढरं काय आहे ते विचारायला तोंड उघडून थांबले, आणि त्यांना कळलं असावं.

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही बाहेर असायचात."

मी जखम धुवायला घेतली. रोज धुताना व्हायचं तेच झालं. बारकीचा चेहरा आक्रसला, ओठ मागे गेले, आणि घशातून एक आवाज आला. फार मोठा नाही. दार लावलेलं असलं की जिन्यात ऐकू न जाणारा. आज तिचं तोंड बाबांच्या छातीशी होतं, आणि तो आवाज त्यांच्या शर्टातच गेला. त्यांनी तिला घट्ट धरलं. मी शक्य तेवढ्या लवकर आवरत होते, पण नीट नाही धुतलं तर जास्त चिघळतं, त्यामुळे लवकर आवरत नाही.

"रोज होतं हे असं?"

"दोनदा. सकाळी आणि रात्री."

"हे काय आहे? हा आवाज?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात, हेही आपोआपच होतं. तिला कळत नाही."

मी नवीन पट्टी लावली, चादर बदलली, तिला पाठीवर घेतलं. वेणी घालायला मी फणी शोधत होते तेव्हा ते म्हणाले, "अंगठा दिला की ती धरते, ते मी खरं धरून चाललोय. मग हे खोटं कसं धरू? एकाच नमुन्यातल्या बिया आहेत. मला आवडेल ती मोजायची आणि बाकीची सोडायची, असं नाही करता येत."

मी म्हणाले, "बाबा, बसा जरा." ते बसले नाहीत. जखम धुतलेल्या पाण्याची बादली उचलून त्यांनी स्वतः मोरीत ओतली, बादली घासली, आणि बराच वेळ नळ चालू ठेवून तिथेच उभे राहिले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. बाबा बारकीच्या उशाशी बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "घरीच राहू दे. तिला दुखू देऊ नका." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी औषध दिलं, कसं आणि कधी द्यायचं ते सांगितलं, आणि जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या गेल्यावर बाबा मला म्हणाले, "एवढी वर्षं कापणी शिकवली. कापणी म्हटलं की मला भरलेलं कोठार दिसायचं. विळा कोणाच्या तरी हातात असणार, हे डोक्यात आलं नाही."

पुढचे दिवस ते जिन्यात गेले नाहीत. पाणी तेच गरम करायचे. पट्टीही तेच लावायचे. बियांची सवय असलेले हात, हलके होते. माझ्यापेक्षा हलके, हे मला कबूल करावं लागलं. औषधामुळे बारकीचा चेहरा आता आक्रसत नव्हता. त्यांनी तिच्या तळहातावर अंगठा ठेवला नाही. वाचूनही दाखवलं नाही. नुसते तिची बोटं एकेक करून पुसत बसायचे. आम्ही दोघं फारसं बोलत नव्हतो, पण चादरीची दोन टोकं धरून उभं राहिलं की तेवढं पुरायचं. बारकी सकाळी गेली, आम्ही दोघं तिला वळवत असताना. श्वास बाहेर गेला आणि पुढचा आलाच नाही. बाबा तिला तसंच कुशीवर धरून राहिले. मी म्हणाले, "आता ठेवा, बाबा." मग त्यांनी ठेवलं.

दफनाला पाळकसाहेब गव्हाच्या दाण्यावर बोलले. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, त्या अर्थाचं. आवाज चांगला होता, माणूसही भला. ह्या दाण्यावर बाबांनी स्वतः किती वर्षं मुलांना शिकवलं असेल. मला वाटलं, आता तरी त्यांना ह्यातून काहीतरी मिळू दे. मी त्यांचा दंड धरला होता. ते खड्ड्यात बघत होते, पेटी खाली जात होती, दोर सुटत होते. त्यांनी माझ्याकडे झुकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हटलं, "फार खोल आहे गं."

बाजूच्या लोकांना वाटलं, बापाचं मन भरून आलंय. भरून आलंच होतं. पण ते काय म्हणाले ते तिथे मला एकटीला कळलं. बी एवढं खोल गेलं तर कधीच वर येत नाही, हे आम्हा दोघांनाच कामातून माहीत होतं. मी त्यांना काय सांगणार? मी आयुष्यभर त्यांच्या शेताची टिंगल केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं की ह्यांच्या शेताचा नियम आमच्या कागदावरच्या बियांपेक्षा वेगळा असावा. माझा विश्वास त्यांच्याएवढा कधीच नव्हता. आता त्यांचाही हलला होता, आणि मला ते सोसवत नव्हतं.

पलंग काढून नेला. खोली मोठी झाली आणि आम्हाला कुठे बसावं ते कळेना. रविवारी बाबा वर्गाला गेले नाहीत, पुढच्या रविवारीही नाही. एका सकाळी मी ओट्याशी भाजी चिरत होते. बाबा स्टूल घेऊन खिडकीशी बसले होते, पुस्तक मांडीवर मिटलेलं.

"ताई," ते म्हणाले, "तू नेहमी म्हणायचीस, तिला काही कळत नाही."

"म्हणायचे."

"चिडून म्हणायचीस, की खरंच?"

मी सुरी खाली ठेवली. ते काय विचारत होते ते मला लगेच समजलं. तिला कळत असेल, तर ती जखम रोज दोनदा तिला दुखली होती, आणि हे दाराबाहेर बसले होते. तिला कळत असेल, तर तिच्या उशाशी बसून ते 'घरीच राहू दे' म्हणाले तेही तिने ऐकलं होतं. इतकी वर्षं मी जे ओरडून सांगत होते आणि ते ऐकत नव्हते, तेच आज त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. आणि मला स्वतःला ते आता ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नाही.

"खरंच म्हणायचे, बाबा. तिला काही कळत नव्हतं. दुखतही नव्हतं."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मला वाटलं, चला, एक खोटं तरी कामाला आलं. मग त्यांचे डोळे पलंग होता त्या रिकाम्या जागेकडे गेले आणि तिथेच राहिले.

"मग इतकी वर्षं सकाळी मी कोणाला सांगत होतो?"

"मला," मी म्हणाले. "मी इथे असायचे ना, ओट्याशी. मी सगळं ऐकलंय. तो पेरणारा का रडतो, तेसुद्धा."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बारकी पडल्यापासून त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"आवडायचं का गं तुला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले, पण तोवर मला रडू फुटलं होतं, आणि त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.